घर लांब पडतं

कोर्टाच्या दारात उभं राहून पट्टेवाल्यानं साक्षीदाराचं नाव पुकारलं, तेव्हा ते कुणाचं हे तिला कळलंच नाही. लांबलचक नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आणि पट्टेवाल्यानं ते रोजच्या सवयीनं, एका दमात, शेवटचं अक्षर ओढत म्हटलं. आरोपींसाठी ठेवलेल्या बाकावर ती दिराशेजारी बसली होती. तिला वाटलं, औषध खात्याची कुणी बाई असेल, प्रयोगशाळेतली वगैरे. मग दारातून खारूताई आत आली. केस मागे घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली, ती कुठे ठेवायची हे न समजून छातीशी धरलेली. बाकावर बसलेली ती दचकली. मुलगी साक्षीला येणार हे तिला माहीत होतं, वकिलांनी ते बजावून बजावून सांगितलं होतं. दचकली ती त्यामुळे नाही. जी आपल्या दुकानात वर्षभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी होती, तिचं नाव कानावर पडूनही आपल्याला ओळखता आलं नाही, यामुळे. पगाराच्या पाकिटावर ते नाव तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असणार. पण तोंडात कधी आलं नव्हतं. तोंडात होती ती खारूताई.

हे दिराचं काम. दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी एक नाव ठेवायचा, आणि ते असं नेमकं बसायचं की मूळ नाव मागे पडायचं. खांदे ताठ ठेवून चालणारा मुलगा होता, तो हवालदार. गिऱ्हाइकानं सुटे नाहीत म्हटलं की दीर्घ श्वास सोडणारा होता, तो सुस्कारा. ही शिडीवर सरसर चढायची, अगदी वरच्या फळीवरची खोकी एका हातानं काढून दुसऱ्या हातानं शिडी धरून उतरायची, म्हणून खारूताई. मुलगी पहिल्यांदा हे नाव ऐकून लाजली होती, मग हसली होती, मग तिनं ते घेतलं. दिराचं बोलणंच तसं होतं, कुणाला राग यायचा नाही. आजारी माणूस हसत दुकानाबाहेर पडायचा. गल्लीतले लोक म्हणायचे, गोळीपेक्षा तुमच्या भाऊजींच्या गप्पांनीच बरं वाटतं. तेव्हा तिला त्याचा अभिमान वाटायचा.

नवरा गेला तेव्हा मुलगा लहान होता आणि दुकान नवीन. भिंतीवर तिचं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र लावलेलं, खाली नवऱ्याची खुर्ची, आणि ती घरात पलंगाच्या काठावर बसून राहिलेली. शटर वर करण्याचं बळ तिच्यात नव्हतं. एके सकाळी दीर आला, काही न बोलता किल्ली मागितली, आणि दुकान उघडून बसला. स्वतःची चांगली नोकरी होती त्याची, ती त्यानं सोडली. का सोडलीस असं त्याला कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मुलाची सायकल मागून धरून तो पटांगणभर धावला. शाळेत पालक म्हणून गेला. ती सावरून दुकानात यायला लागली तेव्हा तिच्यासाठी आतल्या खोलीत टेबल मांडून ठेवलेलं होतं. भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्ही आत बसा, माल बघा, बिलं बघा, काउंटरवर उभं राहून पाय सुजवायला मी आहे ना. त्या वाक्यात किती माया होती. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. दार अर्धवट लोटलेलं असायचं. बाहेरचे आवाज ऐकू यायचे, माणसं दिसायची नाहीत. औषधांचा तो कोरडा, कागदी वास, आणि मागे छोटं दार, गल्लीत उघडणारं, माल उतरवायला ठेवलेलं. संध्याकाळी ती स्वयंपाकाला घरी जायची. दीर दुकान बंद करून आपल्या घरी जायचा. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि चांगलं चाललंय असंच तिला वाटायचं.

पोरं मात्र टिकायची नाहीत. वीस-बावीसची मुलं-मुली, हुशार, हात चालणारी, आणि जरा शिकवून तयार झाली की एक दिवस दारात उभी. परीक्षा आहे. आईची तब्येत. मामानं दुसरीकडे लावून दिलंय. हवालदार तर कारण न देताच गायब झाला, उरलेला पगार न्यायलाही आला नाही, आणि तिला ते विचित्र वाटलं होतं. पण दीर म्हणाला, वहिनी, या पिढीच्या पायात स्प्रिंग आहे, जमिनीला टेकले की उडालेच. ती हसली होती. जेवताना जावेलाही तिनं ते सांगितलं होतं, दोघी हसल्या होत्या. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, सगळं बसल्या जागी हवं, हे बोलायला सोपं होतं आणि ऐकणारा प्रत्येक जण मान डोलवायचा. जो विषय काढल्याबरोबर सगळे एकमताचे होतात, त्यात कुठे तरी काही तरी झाकलेलं असतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

सरकारी वकील बारीक अंगाचा, सर्दी झालेला माणूस होता. तो प्रश्न विचारताना रुमाल नाकाशी न्यायचा, त्यामुळे प्रश्न आपुलकीचे वाटायचे. दुकानात काम काय होतं, वेळ काय, संध्याकाळी कोण असायचं. खारूताई हळू पण स्पष्ट बोलत होती. संध्याकाळी मॅडम गेल्या की मागच्या दाराशी मुलं यायची. चिठ्ठी नसायची. सर पुढचं दार माझ्यावर सोपवून मागे जायचे. झोपेच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. वरच्या फळीवर ठेवलेल्या असायच्या, त्या मीच काढून द्यायचे. आधी मला वाटलं ओळखीचे पेशंट असतील. मग तेच तेच चेहरे. माझ्या वयाचे. एकाच्या हातात कॉलेजची बॅग असायची.

"मग नोकरी का सोडली?" सरकारी वकिलानं विचारलं.

मुलीनं बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाली, त्या दिवशी तो बॅगवाला मुलगा दुपारीच आला. पुढच्या दारानं. त्याला उभं राहता येत नव्हतं, बोलण्याचा अर्थ लागत नव्हता. काउंटरला धरून खाली बसला आणि मग आडवाच झाला. मी घाबरले. सरांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, उठवून बसवलं, आणि मला म्हणाले, याला पलीकडच्या बसस्टॉपवर नेऊन बसव, दुकानासमोर नको. मी नेलं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. बाकावर बसवलं, बॅग मांडीवर ठेवली, आणि परत आले. दुकानात गर्दी होती. थोड्या वेळानं बघितलं तर बाकावर कुणी नव्हतं.

"त्याचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," खारूताई म्हणाली. "म्हणूनच सोडली."

 न्यायाधीशांनी मान वर करून मुलीकडे बघितलं, मग टंकलेखकाकडे, आणि ते वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

आरोपींच्या बाकावर तिला ती दुपार आठवत होती. आठवत नाही असं स्वतःला सांगायलाही जागा नव्हती. आतल्या खोलीत ती मुदत संपलेला माल बाजूला काढत होती, समोर खोक्यांचा ढीग. बाहेर काही तरी पडल्याचा आवाज आला, जड, मऊ, खोक्याचा नव्हे. मग दिराचा आवाज, अरे अरे, आणि पाण्याचा. तिनं बसल्या जागेवरून विचारलं होतं, काय झालं हो भाऊजी. दिरानं दार थोडं उघडून डोकं आत घातलं. काही नाही वहिनी, कुणाला तरी चक्कर आली, उन्हाची. त्यानं दार पुन्हा लोटलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त. ती उठली नव्हती. हातात गोळ्यांची एक पट्टी होती, तिच्यावरची तारीख पुसट झाली होती, ती दिव्याशी धरून वाचत राहिली. ऊन होतं का त्या दिवशी? आता कितीही आठवलं तरी ढगाळच आठवायचं. तिच्या मनात एक क्षण काही तरी उठलं होतं आणि तिनं ते, उकळत्या दुधावर झाकण ठेवावं तसं, सवयीनं झाकलं होतं. उठून दारापर्यंत जायला किती वेळ लागला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर यायच्या आधीच खारूताई आतल्या खोलीत आली. मॅडम, मी उद्यापासून येत नाही. आणि तिथंच उभी राहिली. टेबलाच्या खणाची मूठ तिनं धरली होती, बोटानं ती वर-खाली करत होती, टक टक आवाज येत होता. तिला बोलायचं होतं हे कुणीही ओळखलं असतं. आपणही ओळखलं होतं. आपण मान वर केली आणि हसून विचारलं, का गं, लग्नबिग्न ठरलं की काय? प्रश्न विचारतानाच उत्तर तिच्या हातात ठेवलं होतं. एक चालत नसेल तर दुसरं घे, पण यातलंच घे.  नाही, मुलगी म्हणाली, घर लांब पडतं. खणाच्या मुठीचा आवाज थांबला. बरं, आपण म्हणालो, चांगली होतीस गं कामाला. आणि ते मनापासून म्हटलं होतं, हेच आता सगळ्यात जास्त टोचत होतं.

कारण घर लांब पडतं याचा अर्थ तिला माहीत होता. तिच्याइतका दुसऱ्या कुणाला माहीत असणार. ती स्वतः शिकून बाहेर पडली तेव्हा एका मोठ्या दवाखान्याच्या औषधभांडारात लागली होती. तिथले मुख्य, वडिलांच्या वयाचे, फळीवरचं काही दाखवण्याच्या निमित्तानं मागे येऊन उभे राहायचे. मानेवर त्यांचा श्वास लागायचा, त्याला लवंगेचा वास असायचा. कधी काही केलं नाही त्यांनी, ज्याला केलं म्हणतात असं. नुसते उभे राहायचे. वर्ष काढलं तिनं त्या श्वासात. मग एक दिवस सोडते म्हणाली. का, असं विचारल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, घर लांब पडतं. तिचं घर त्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, गच्चीवरून दवाखान्याची पाण्याची टाकी दिसायची. हे त्या गृहस्थांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, बरं, चांगली होतीस कामाला. आईलाही तिनं तेच सांगितलं, आणि आईनं, जिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दवाखाना दिसत होता, तिनंही मान डोलवली. तेव्हा रात्रंदिवस तिला वाटत राहिलं होतं की कुणी तरी म्हणावं, अगं, घर तर जवळ आहे. एवढंच. आणि इतक्या वर्षांनी तेच वाक्य तिच्या टेबलासमोर येऊन उभं राहिलं, तर तिनं त्याला बसायलाही सांगितलं नाही.

उलटतपासणीला तिचे आणि दिराचे वकील उठले. ते काय विचारणार हे तिला माहीत होतं. त्यांच्या ऑफिसात, मऊ खुर्च्यांवर, चहा पीत हे ठरलं होतं. सबंध खटला या मुलीच्या साक्षीवर उभा आहे, वकील म्हणाले होते. औषध खात्यानं धाड घातली, बनावट गिऱ्हाईक पाठवलं, माल पकडला, पण त्या मालाचे कागद आपण कसेही बसवू. ही मुलगी मोडली की झालं. तिला चोरीवरून काढलं म्हणू. सूड म्हणून तक्रार केली. दीर म्हणाला, पोर वाईट नाही हो ती. वकील म्हणाले, वाईट आहे असं कोण म्हणतंय. आणि तिच्याकडे वळून म्हणाले, वहिनी, तुम्हाला काही बोलायचं नाहीये. फक्त नाही म्हणायचं नाही. ती कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसली होती. नाही म्हणायचं नाही. किती सोपं काम. आयुष्यभर तिला तेवढंच काम तर येत होतं.

आता वकील साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ गेले आणि फार मृदू आवाजात बोलू लागले. घरची परिस्थिती बेताची ना. वडील आजारी असतात ना. वरच्या फळीवरचा माल तुमच्याच हातात असायचा, असं तुम्हीच सांगितलंत. मग आवाज न चढवता ते म्हणाले, "गोळ्यांच्या पट्ट्या लपवून नेताना तुम्ही सापडलात, आणि म्हणून तुम्हाला काढलं. खरं की नाही?"

 मुलीनं मान वळवली आणि आरोपींच्या बाकाकडे बघितलं. वकिलाकडे नाही, दिराकडे नाही, तिच्याकडे. राग नव्हता त्या बघण्यात. शिडीवर सगळ्यात वर उभी राहून, दोन सारख्या खोक्यांवर हात ठेवून, मॅडम यातलं कुठलं, असं विचारताना ती जशी खाली बघायची, तसं ते होतं. तेव्हा मालकीण आतल्या खोलीच्या दाराशी येऊन बोट दाखवायची, हे नाही, ते. आत्ता तिनं आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठ्याची शिवण उसवली होती. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदारानं आरोपीकडे बघू नये, उत्तर द्यावं. "खोटं आहे," मुलगी म्हणाली, आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये तिचा आवाज फुटला. वकील समाधानानं खाली बसले. आवाज फुटलेला माणूस खोटा वाटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत ती पाणी प्यायला व्हरांड्याच्या टोकाला गेली. नळाशी खारूताई बाटली भरत होती. साक्षीदाराशी बोलायचं नसतं, वकिलांनी सांगून ठेवलं होतं. तिला परत फिरता आलं असतं. बाटली भरत आली तसा पाण्याचा आवाज बारीक होत गेला. मग मुलीनं नळ बंद केला आणि तिला बघून, जुन्या सवयीनं, बाजूला सरकून जागा करून दिली. कुठे असतेस आता, तिनं विचारलं. चष्म्याच्या दुकानात, मुलगी म्हणाली, बाजाराच्या कोपऱ्यावर. आज रजा टाकलीये, पगार कापतील. 

"मॅडम, तुम्हाला माहितीये ना, मी काही घेतलं नव्हतं?"

"माहितीये."

"मग?"

एवढंच विचारलं तिनं. भांडल्यासारखं नाही. खरंच न समजल्यासारखं. त्या दोन अक्षरी शब्दाला कुठून धरायचं हे तिला कळेना. भाऊजींनी किल्ली मागितली ती सकाळ, सायकलमागे धावणारी त्यांची पावलं, अर्धवट लोटलेलं दार, आपलं म्हातारपण, हे सगळं गोळा करून तिच्यापुढे ठेवावं असं तिला वाटलं. पण ठेवून तरी काय, तिच्या ‘मग?’ला ते उत्तर नव्हतं. तेवढ्यात वकिलांचा असिस्टंट लगबगीनं आला आणि वहिनी, इकडे या, म्हणत तिला घेऊन गेला. मागे वळून बघितलं तेव्हा मुलगी बाटलीचं झाकण लावत होती, आणि ते नीट बसत नव्हतं.

पुढची तारीख लांबची पडली. मधल्या दिवसांत ती एकदा दिराकडे गेली. जावेनं चहा केला, नेहमीसारखी साखर विचारली, पण समोर बसली नाही. दीर वाळला होता. नावं ठेवणं, नकला, सगळं बंद. दुकानाला सील होतं, आणि घरात बसायची त्याला सवय नव्हती, खुर्चीत तो पाहुण्यासारखा बसला होता. त्याला विचारावं असं तिच्या फार मनात होतं. का केलंत हो. पण तेही तिला ठाऊक होतं. मुलाच्या शिक्षणाला, घराच्या दुरुस्तीला, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कधी काही कमी पडलं नव्हतं, आणि दुकान तर एवढंसं. दीर आपणहूनच म्हणाला, वहिनी, एवढं एक निभावलं ना, की पुन्हा नाही. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. जिना उतरताना तिच्या गुडघ्यात दुखलं नाही, आणि ते न दुखणं तिला सहन होईना.

आरोपींचे जबाब घ्यायच्या दिवशी कोर्टात फारसं कुणी नव्हतं. साक्षीदारांचं काम संपलेलं होतं, त्यांनी यायचं कारण नव्हतं. तरी तिनं आल्या आल्या मागच्या बाकांवरून नजर फिरवली. दिराचा जबाब आधी झाला. खोटं आहे, खोटं आहे, माहीत नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यांना सारखाच असतो, साक्षीदार तुमच्याविरुद्ध का बोलतात. दीर म्हणाला, चोरीवरून काढलं त्याचा राग. म्हणताना त्यानं घसा दोनदा साफ केला. मग ती उभी राहिली. सुरुवातीची उत्तरं तिनं पढवल्याप्रमाणे दिली, माहीत नाही, माहीत नाही. आपला आवाज आपल्यालाच दुरून येतोय असं तिला वाटत होतं, लोटलेल्या दाराच्या पलीकडून. मग न्यायाधीशांनी शेवटचा प्रश्न वाचला.

"चोरी केली नव्हती तिनं," ती म्हणाली. "आम्ही काढलंही नव्हतं. ती आपणहून गेली."

टंकलेखकानं मान वर केली. जरा मोठ्यानं बोला बाई, म्हणाला. तिनं तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. त्यांचे वकील अर्धवट उठले, न्यायाधीशांनी हातानं त्यांना बसवलं.

"प्रश्न तो नाही," न्यायाधीश म्हणाले. "ती तुमच्याविरुद्ध का बोलते, असं विचारलंय."

"तिला ते आधी मला सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही. म्हणून तिला इथं येऊन सांगावं लागलं."

"काय सांगायचं होतं?"

"मागच्या दारानं काय जातं ते." तिचे हात कठड्यावर होते, लाकूड गुळगुळीत होतं, कितीजणांच्या हातांनी. "बघितलं नव्हतं मी कधी. पण माहीत होतं."

मशीनचा आवाज थोडा वेळ चालला आणि थांबला. दिरानं तिच्याकडे बघितलं नाही. तो खिडकीच्या गजांकडे बघत होता, आणि त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा पुढे आला होता. नवरा गेला तेव्हाही तो असाच दिसला होता. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. माणसं म्हणतात तसं. हलकं काही वाटलं नाही. जिनं हे ऐकायचं ती इथं नाही, आणि ज्यानं हे कधीच ऐकू नये असं वाटतं तो हाताच्या अंतरावर बसलाय, एवढंच तिला कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी ती बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेली. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. काचेच्या कपाटांमागे मालक एकटाच होता, मऊ फडक्यानं चष्मे पुसत. त्या मुलीचं नाव तिनं पुरतं, वडिलांच्या नावासकट घेतलं. गेली ती सोडून, मालक म्हणाला, झाले बरेच दिवस. आईचं काही तरी आजारपण निघालं म्हणे. आजकाल पोरं टिकतात कुठे. ती तिथंच उभी राहिली. मग तिनं विचारलं, तिला इथं कुणी काही बोललं होतं का. मालक तीच काच पुन्हा पुसू लागला. बोललं असं नाही हो. पण कोर्टातलं ते गावभर झालंच होतं ना, चोरीचं. गिऱ्हाईक विचारायचे. मी काही तिला काढलं नाही, मी त्यातला नाही. फक्त गल्ल्यावरून उठवून मागे बसवलं, काचा मोजायला. त्यावर काय म्हणाली ती? काही नाही, मालक म्हणाला, चांगली होती कामाला. नवीन पत्ता त्याच्याकडे नव्हता. जुन्या पत्त्यावर ती पुढे जाऊन आली, तिथं दुसरं बिऱ्हाड होतं, दारात दुसऱ्याच कुणाच्या चपला. एक बाई म्हणाली, माहीत नाही बाई, आम्ही नवे.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी बराच वेळ वाचलं. दिराला तुरुंगवास झाला. तिचं नाव फार्मासिस्टांच्या नोंदीतून काढायचा हुकूम झाला, दुकानाचा परवाना रद्द. आणि तिनं खरं सांगितलं, प्रत्यक्ष विक्रीत ती नव्हती, वय, हे सगळं धरून तिला कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे काय ते तिला आधी कळलं नाही. वकिलांनी, तिच्याकडे न बघता, समजावलं. आज कोर्टाचं काम संपेपर्यंत इथं बसून राहायचं. संपलं की सुटलात. शिपाई दिराला न्यायला आला. जाताना तो तिच्या बाकाशी थांबला. जाऊ दाराशी पाठमोरी उभी होती. त्यानं काही तरी बोलावं, शिवी द्यावी, निदान ज्या बाईसाठी एवढं केलं तिनं असं करावं म्हणून विचारावं, याची तिनं मनाची तयारी केली होती. "वहिनी," तो म्हणाला, "जाताना रिक्षा करा. गुडघ्याला त्रास नको." आणि शिपायाबरोबर गेला. त्याच्या मागे जाऊही गेली, वळून न बघता.

मग ती बसून राहिली. एकामागून एक दुसऱ्यांचे खटले निघत होते. कुणाची भिंत कुणाच्या जागेत आली होती. कुणाला मुलगा सांभाळत नव्हता. दर वेळी पट्टेवाला दारात जाऊन नाव पुकारायचा, आणि दर वेळी तिची मान वर व्हायची, पुकारलेल्या नावाचं माणूस आत येऊन उभं राहीपर्यंत ती ते नाव मनातल्या मनात धरून ठेवायची, मग चेहऱ्याशी लावून बघायची. ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, बाकाच्या पायापर्यंत सरकलं, गेलं. तो मुलगा बसस्टॉपच्या बाकावरून उठून कुठे गेला असेल. स्वतःच्या पायांनी गेला असेल का. कुणी नेलं असेल. त्याची आई संध्याकाळी दार उघडं ठेवून बसली असेल, किंवा तो आला असेल, हातपाय धुऊन जेवायला बसला असेल, बॅग कोपऱ्यात टाकून. यातलं काहीही झालेलं असू शकत होतं. खारूताई हे रोज धरून जगत होती, एवढ्याशा वयात. आता ते दोघींत वाटलं गेलं होतं, पण त्यामुळे मुलीकडचं कमी झालं असेल असं नाही.

न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले, तीही राहिली. मग कागदांची आवराआवर, खुर्च्यांचे आवाज, माणसं पांगली. ती पुन्हा खाली बसली. पट्टेवाल्यानं एकेक पंखा बंद केला, खिडक्या ओढल्या. तिच्या बाकाशी येऊन तो थांबला.

"बाई, कोर्ट उठलं," तो म्हणाला. "तुमचं झालं. जा आता."

"हो," ती म्हणाली. "जरा बसू का?"

त्यानं कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बसा की," म्हणाला, आणि जरा लांब, साक्षीदारांच्या बाकाच्या टोकाला, तोही टेकला. "का हो," थोड्या वेळानं त्यानं सहज विचारलं, "घर लांब आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "जवळच आहे."